कुकी परत करताना स्वल्प, अर्ध आणि पूर्ण चुका

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

संगणकाच्या जगात ‘कुकी’ हा शब्द आता सगळ्यांच्या कानावरून गेला आहे. कुठलंही संकेतस्थळ उघडा, ‘कुकीज स्वीकारा’ अशी पाटी समोर येते. आपण घाईत असतो, बटण दाबतो आणि पुढे जातो. पण ही कुकी म्हणजे नेमकं काय, ती कोण कुणाला देतं, आणि ती परत देताना एखादं विरामचिन्ह इकडचं तिकडे झालं तर दिवसभराचं काम कसं अडतं, हा विषय फक्त संगणकवाल्यांचा राहिलेला नाही. सातबाऱ्यापासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत आणि भातखरेदीच्या नोंदणीपासून शिष्यवृत्तीपर्यंत आपली बरीच कामं आता याच वाटेनं जातात. म्हणून आज ही वाट जरा जवळून पाहू.

विसराळू टीसी

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर खर्डी आणि कसारा यांच्या मध्ये उंबरमाळी हे छोटं स्थानक आहे. तिथून रोज ठाण्याला जाणाऱ्याकडे मासिक पास असतो. समजा, या मार्गावरचा टीसी इतका विसराळू आहे, की पाच मिनिटांपूर्वी ज्याचा पास पाहिला त्याला तो ओळखतच नाही. खर्डीला पास दाखवला, आटगावला पुन्हा दाखवा. आसनगावला पुन्हा. वेब सर्व्हर अगदी असाच असतो. एचटीटीपी या नियमावलीनुसार प्रत्येक मागणी स्वतंत्र. तुम्ही आत्ताच नाव आणि पासवर्ड देऊन आत आला आहात, हे पुढचं पान मागताना सर्व्हरला आपोआप आठवत नाही.

या विसराळूपणावर १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या प्रोग्रामरनं तोडगा काढला. सर्व्हरनं पाहुण्याला एक छोटी चिठ्ठी द्यायची आणि पाहुण्यानं पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर ती दाखवायची. संगणकवाल्यांमध्ये अशा चिठ्ठीला ‘मॅजिक कुकी’ म्हणायची जुनी पद्धत होती, त्यावरून ‘कुकी’ हे नाव पडलं. बिस्किटाशी तिचा एवढाच संबंध.

चिठ्ठीवर बहुतेक वेळा फार काही लिहिलेलं नसतं. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर आपल्याला पत्र्याचा बिल्ला मिळतो. चपला स्टॉलवाल्याकडे, आपल्या हातात फक्त नंबर. तसंच तुमची माहिती सर्व्हरकडे असते आणि कुकीत फक्त एक लांबलचक क्रमांक असतो. या क्रमांकाला ‘सेशन’ म्हणजे सत्राचा क्रमांक म्हणतात. बिल्ला हरवला की चपला आहेत तिथेच असतात, पण तुम्हाला मिळत नाहीत. कुकी चुकली की नेमकं तेच होतं. पडद्यावर अक्षरं येतात, ‘कृपया पुन्हा लॉग-इन करा.’

ब्राउझरमध्ये चालतं, प्रोग्राममध्ये नाही

आपण स्वतः ब्राउझरमध्ये बसून काम करतो तेव्हा कुकीची देवघेव ब्राउझर मुकाट्यानं करतो. पण पुष्कळदा माणसाच्या जागी एखादा प्रोग्राम सर्व्हरशी बोलत असतो. असा प्रोग्राम लिहिणारा सगळं मुळापासून लिहीत बसत नाही. तो तयार भाग वापरतो. या तयार भागांच्या संचाला ‘लायब्ररी’ म्हणतात. वाचनालय नव्हे, गवंड्याच्या अवजारांची पेटी म्हणा. सर्व्हरकडे मागणी करणाऱ्या लायब्ररीला ‘एचटीटीपी क्लायंट’ लायब्ररी म्हणतात. कुकी घेणं, जपणं आणि परत देणं हे तिचं काम.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. शहापूर-मुरबाड भागात भात हे मुख्य पीक. आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रांवर आधारभूत किमतीनं भाताची खरेदी होते आणि त्यासाठी आधी ऑनलाइन नोंदणी लागते, मुदतीच्या आत. समजा, उंबरमाळीच्या परिसरातल्या शेतकऱ्यांच्या एका गटानं स्वतःच्या नोंदी ठेवायला एक छोटी प्रणाली करून घेतली. कुणाचं किती क्षेत्र, सातबारा जमा झाला की नाही, बँकेचं पुस्तक दिलं की नाही, असा हिशेब. गटातला एक मुलगा प्रोग्राम लिहितो. तो प्रोग्राम रोज संध्याकाळी गटाच्या सर्व्हरवर लॉग-इन करतो आणि दिवसभराच्या नोंदी पाठवतो. लॉग-इन व्यवस्थित होतं. पण पहिलीच नोंद पाठवली की उत्तर येतं, ‘पुन्हा लॉग-इन करा.’ तोच पासवर्ड घेऊन ब्राउझरमधून गेलं तर सगळं सुरळीत. मुदत जवळ आली आहे, आणि ज्याची नोंद राहिली तो माणूस एक दिवसाची मजुरी बुडवून, गाडीभाडं खर्चून पुन्हा शहापूरला खेपा घालणार आहे.

अशा वेळी पहिला संशय पासवर्डवर जातो, दुसरा इंटरनेटवर. दोन्ही निर्दोष असतात. दोष असतो चिठ्ठी परत देण्याच्या पद्धतीत.

येताना वेगळी, जाताना वेगळी

सर्व्हर आणि प्रोग्राम एकमेकांना जे पाठवतात, त्याला पत्रासारखंच पाकीट असतं. पाकिटावरच्या मजकुराच्या ओळींना ‘हेडर’ म्हणतात. कुकी या हेडरमधून येते आणि जाते. खरी ओळ रोमन लिपीत असते, इथे ती देवनागरीत लिहितो. सर्व्हर कुकी देताना असं काहीतरी लिहितो:

सेट-कुकी: सत्र=४५७क९; पाथ=/; एक्स्पायर्स=बुध, ०९ जून २०२७; सिक्युअर

यात खरी चिठ्ठी फक्त पहिल्या अर्धविरामापर्यंत आहे, म्हणजे ‘सत्र=४५७क९’ एवढीच. पुढचं सगळं म्हणजे प्रोग्रामला दिलेल्या सूचना: ही चिठ्ठी कुठल्या पानांसाठी, कधीपर्यंत, आणि सुरक्षित जोडणीवरच दाखवायची का. पासावरही स्थानकांची नावं, वर्ग आणि मुदत छापलेली असते, तसंच.

प्रोग्रामनं परत पाठवायची ओळ मात्र अगदी साधी:

कुकी: सत्र=४५७क९; भाषा=एमआर

नाव, बरोबरचं चिन्ह, किंमत. दुसरी कुकी असेल तर मध्ये अर्धविराम आणि एक मोकळी जागा. शेवटी काही नाही. २०११ च्या एप्रिलमध्ये आलेल्या आरएफसी ६२६५ या मानकानं हे असं ठरवून दिलं आहे. आगगाडीच्या डब्यांना जोडणारी कडी असते, तसं ‘अर्धविराम आणि मोकळी जागा’ हे दोन कुकींना जोडणारं कडं समजा. कडं बदललं की गाडी मध्येच तुटते.

नेहमीच्या सहा चुका

पहिली चूक म्हणजे आलेली पूर्ण ओळ जशीच्या तशी परत पाठवणं. कुकी नुसती उचलून पुढच्या मागणीत चिकटवली, की ‘पाथ’ आणि ‘एक्स्पायर्स’ हीसुद्धा कुकीचीच नावं आहेत असं सर्व्हर समजतो. कधी तो दुर्लक्ष करतो, कधी सगळी ओळच नाकारतो.

दुसरी चूक कड्याची. कुणी अर्धविरामाऐवजी स्वल्पविराम घालतं. मग सर्व्हरच्या दृष्टीनं दोन कुकी उरत नाहीत, ‘४५७क९, भाषा=एमआर’ अशी एकच भलीमोठी किंमत होते. असा क्रमांक त्याच्या वहीत नसतो. काही लायब्ऱ्या मोकळी जागा गाळतात किंवा शेवटी एक अर्धविराम लोंबता ठेवतात. पुष्कळ सर्व्हर हे चालवून घेतात, काही घेत नाहीत. म्हणूनच एकच प्रोग्राम एका ठिकाणी चालतो आणि दुसऱ्या ठिकाणी अडतो.

तिसरी चूक म्हणजे प्रत्येक कुकीसाठी वेगळी ओळ. मानक सांगतं, की एका मागणीत ‘कुकी’ हे हेडर एकदाच असावं आणि सगळ्या कुकी त्यातच ओळीनं याव्यात. जावामधली अपाची कॉमन्स एचटीटीपी क्लायंट ही लायब्ररी एके काळी सर्वत्र वापरात होती. तिच्या तिसऱ्या आवृत्तीत सगळ्या कुकी एकाच हेडरमध्ये घालण्यासाठी मुद्दाम एक सेटिंग ठेवावं लागलं होतं, कारण काही सर्व्हर पहिली ओळ वाचून थांबत. यात गंमत अशी, की २०१५ साली आलेल्या एचटीटीपी-२ मध्ये कुकीची ओळ तोडून वेगवेगळी पाठवायला परवानगी आहे. पण पुढे जुन्या पद्धतीच्या सर्व्हरकडे देण्याआधी ते तुकडे त्याच अर्धविराम आणि मोकळ्या जागेनं पुन्हा जोडावे लागतात. मधल्या सर्व्हरनं ते जोडले नाहीत, तर प्रोग्राम लिहिणारा आपल्या घरात चूक शोधत बसतो आणि चूक असते वाटेत.

चौथी चूक अवतरण चिन्हांची. सर्व्हरनं दिलं ४५७क९, लायब्ररीनं परत दिलं "४५७क९". माणसाला हे दोन्ही सारखेच वाटतात. पण आजच्या मानकानुसार ब्राउझर आलेली किंमत जशी आहे तशीच परत देतो, अवतरण चिन्हं असली तर ती किंमतीचाच भाग समजतो आणि नसली तर स्वतःहून घालत नाही. मग ही सवय आली कुठून? कुकीची १९९७ आणि २००० सालची दोन जुनी मानकं होती. त्यांत किंमत अवतरणात घालायची आणि ओळीच्या सुरुवातीला डॉलरचं चिन्ह लावून आवृत्तीचा क्रमांक लिहायचा अशी पद्धत सांगितली होती. ब्राउझरांनी ती कधी मनावर घेतली नाही. पण काही लायब्ऱ्यांनी ती इमानेइतबारे पाळली आणि तिचे अवशेष राहिले. पायथॉन भाषेतल्या एआयओ-एचटीटीपी या लायब्ररीत तर अवतरण चिन्हं घालू नयेत असं सांगायला आज वेगळा पर्याय दिलेला आहे.

पाचवी चूक कुकी घेतानाच होते. वरच्या उदाहरणात ‘बुध, ०९ जून २०२७’ असं लिहिलं आहे. त्यात एक स्वल्पविराम आहे. सर्व्हरनं दोन-तीन कुकी दिल्या, की लायब्ररी कधी कधी त्या ओळी स्वल्पविरामानं जोडून एकत्र ठेवते. बाकीच्या बऱ्याच हेडरना हे चालतं. पण कुकी वेगळ्या करताना लायब्ररी स्वल्पविरामावर कापते आणि तारखेचेच दोन तुकडे होतात. म्हणूनच मानकानं बजावलं आहे, की ‘सेट-कुकी’च्या ओळी एकत्र करू नका.

मराठी नावाचा प्रश्न

सहावी अडचण खास आपली आहे, म्हणून तिच्यापाशी जरा थांबू. कुकीच्या किंमतीत मानकानुसार इंग्रजी अक्षरं, आकडे आणि ठराविक चिन्हंच चालतात. मोकळी जागा, स्वल्पविराम, अर्धविराम चालत नाहीत. देवनागरीही नाही. आता आपल्या गटाच्या प्रणालीनं शेवटचं निवडलेलं गाव लक्षात राहावं म्हणून कुकीत सरळ ‘उंबरमाळी’ असं लिहिलं, तर काय होईल?

उंबरमाळी हा शब्द आपल्याला पाच अक्षरांचा दिसतो. संगणक अनुस्वार, काना आणि वेलांटी वेगवेगळी मोजतो, म्हणून त्याच्या लेखी ती आठ चिन्हं आहेत. युटीएफ-८ या आज सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे झाले चोवीस बाइट. हे बाइट कुकीत बसवायचे तर प्रत्येकाआधी टक्क्याचं चिन्ह लावून पुढे दोन खुणा लिहायची पद्धत रूढ आहे. चोवीस गुणिले तीन, म्हणजे बहात्तर खुणा. पाच अक्षरी गावासाठी बहात्तर!

इथपर्यंत ठीक आहे. पण प्रोग्राम लिहिणाऱ्यानं एकदा असं रूपांतर केलं आणि लायब्ररीनं न विचारता पुन्हा एकदा केलं, तर टक्क्याच्या चिन्हाचंही रूपांतर होतं आणि बहात्तरच्या एकशे वीस खुणा होतात. सर्व्हर ते एकदाच उलगडतो. त्याच्या हाती गावाचं नाव येत नाही, टक्के आणि आकड्यांची खिचडी येते. उलट बाजूला, लायब्ररीनं काहीच न करता देवनागरी बाइट तसेच पाठवले, तर कुठला सर्व्हर ते वाचतो, कुठला प्रश्नचिन्हं करतो, तर कुठला सगळी मागणीच परत पाठवतो.

यावर चांगला उपाय म्हणजे कुकीत नाव घालूच नये. गावाला एक क्रमांक द्यावा, कुकीत तो क्रमांक ठेवावा आणि ‘उंबरमाळी’ हे नाव सर्व्हरच्या वहीत राहू द्यावं. बिल्ल्यावर नंबर असतो, चपलेचं वर्णन नसतं, ते याचसाठी.

ओळ बरोबर, तरी कुकी जात नाही

कधी कधी ओळ लिहिण्यात काहीच चूक नसते, पण कुकी पाठवलीच जात नाही. याची तीन कारणं पाहून ठेवावीत.

एक, पत्ता. कसारा ते ठाणे पासावर वाशीला जाता येत नाही. कुकीही ज्या पत्त्यावरून आली त्याच पत्त्यावर दाखवली जाते, सर्व्हरनं वेगळी सूट दिली असेल तरच शेजारच्या पत्त्यांवर. लॉग-इन एका पत्त्यावर आणि नोंदी दुसऱ्यावर, अशी मांडणी असेल तर लायब्ररी कुकी देत नाही. आणि ते बरोबरच आहे.

दोन, सुरक्षित जोडणी. कुकीवर ‘सिक्युअर’ अशी सूचना असेल आणि प्रोग्राममधला पत्ता चुकून साध्या जोडणीचा असेल, तर कुकी बाहेर निघत नाही. एका अक्षराचा फरक असतो.

तीन, घड्याळ. संगणक जुना झाला की आतली छोटी बॅटरी संपते आणि वीज गेली की तारीख भलतीच होते. घड्याळ पुढे गेलेलं असेल, तर आत्ताच मिळालेली कुकी मुदत संपलेली म्हणून टाकून दिली जाते. ‘एक्स्पायर्स’ऐवजी ‘मॅक्स-एज’, म्हणजे इतकी सेकंदं चालेल अशी मुदत दिली, तर हा त्रास बराच टळतो. पास कितीही बरोबर असला, तरी कॅलेंडरचं पान चुकीचं असेल तर उपयोग नाही!

शोध कसा घ्यावा

आता आपल्या गटातल्या मुलानं काय करावं? अंदाजानं दहा सेटिंगं बदलू नयेत. तशानं मूळ दोष सापडत नाही आणि दोन नवे तयार होतात. ब्राउझरमध्ये ‘डेव्हलपर टूल्स’ नावाची सोय असते. तिच्यात ‘नेटवर्क’ या भागात ब्राउझरनं पाठवलेलं प्रत्येक हेडर दिसतं. तिथली चालणारी ‘कुकी’ ओळ कागदावर उतरवावी. मग आपला प्रोग्राम प्रत्यक्षात काय पाठवतो ते पाहावं. प्रोग्राममध्ये लिहिलेलं पाहून भागत नाही, तारेवरून जे जातं ते पाहायला हवं, कारण मध्ये लायब्ररी आपलं डोकं चालवते. बहुतेक लायब्ऱ्यांमध्ये जाणारी मागणी छापून दाखवायची सोय असते.

दोन्ही ओळी एकाखाली एक लिहिल्या आणि अक्षरन् अक्षर ताडून पाहिलं, की दहापैकी बहुतेक चुका तिथेच दिसतात. तरी नाही दिसली, तर कुकी एकेक करून पाठवाव्यात. कुठल्या कुकीशिवाय सर्व्हर ओळख विसरतो ते कळतं, आणि शोध एका ओळीवरून एका शब्दावर येतो. आणखी एक पाहावं. लॉग-इननंतर सर्व्हर पुष्कळदा प्रोग्रामला दुसऱ्या पानावर पाठवतो आणि कुकी त्या मधल्या उत्तरातच देतो. कुकी साठवणारी बरणी, जिला ‘कुकी जार’ म्हणतात, ती लायब्ररीत सुरू केलेली नसेल, तर ही मधली चिठ्ठी हातातून निसटते.

आणि बरणी सुरू असेल, तर कुकीची ओळ हातानं वेगळी लिहू नये. दोन्ही एकत्र झाले की कधी दोन ओळी जातात, कधी एक दुसरीला पुसते. हातानं लिहिण्यात आणखी एक धोका आहे. हातानं घातलेली कुकी कुठल्या पत्त्याची, हे लायब्ररीला ठाऊक नसतं. पायथॉनच्या युआरएललिब-३ या फार मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत अशी एक फट होती. सर्व्हरनं दुसऱ्याच पत्त्यावर पाठवलं, तर हातानं घातलेली कुकी तिकडेही जात असे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ती बुजवण्यात आली. म्हणून लायब्ररीची आवृत्ती ताजी ठेवणं हाही दुरुस्तीचाच भाग आहे.

चिठ्ठी म्हणजे किल्ली

या शोधात एक पथ्य मात्र पाळायलाच हवं. अडचण सुटेना, की माणूस दुसऱ्याला विचारतो. पडद्याचा फोटो काढतो, हेडरच्या ओळी जशाच्या तशा पाठवतो. त्या ओळीतच सत्राचा क्रमांक असतो. तो ज्याच्या हाती पडेल, तो पासवर्ड न देता तुमच्या नावानं आत जाऊ शकतो. देवळाबाहेर बिल्ला दाखवणाऱ्याला चपला मिळतात, त्याचं नाव कुणी विचारत नाही. म्हणून कुणाला दाखवताना क्रमांक खोडावा, आणि चुकून दाखवलाच तर लगेच लॉग-आउट करावं, म्हणजे शहाण्या सर्व्हरकडे जुना क्रमांक बाद होतो.

प्रोग्राम न लिहिणाऱ्यांसाठीही हेच पथ्य आहे. सेवा केंद्रातल्या, सायबर कॅफेतल्या किंवा शेजाऱ्याच्या संगणकावर काम झालं, की नुसती खिडकी बंद करून उठू नये. खिडकी बंद झाली तरी कुकी त्या संगणकात राहू शकते. ‘लॉग-आउट’ दाबावं, मगच उठावं.

इंटरनेटची घडण करणाऱ्यांपैकी जॉन पोस्टेल यांनी १९८० साली एक सूत्र सांगितलं होतं. त्याचा आशय असा, की आपण पाठवताना काटेकोर असावं आणि दुसऱ्याचं घेताना सैल असावं. कुकीचं मानकही याच वळणानं जातं. सर्व्हरनं नेमकं लिहावं आणि ब्राउझरनं वाकडंतिकडंही समजून घ्यावं, अशी त्याची मांडणी आहे. पण समोरचा समजून घेईल या भरवशावर आपण गलथान लिहू लागलो, की एक दिवस न समजून घेणारा सर्व्हर भेटतो. तो दिवस नेमका मुदतीचा शेवटचा दिवस असतो आणि त्याची किंमत प्रोग्राम लिहिणाऱ्याला मोजावी लागत नाही. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला मोजावी लागते. म्हणून अर्धविरामानंतर एक मोकळी जागा सोडायची आणि शेवटी काहीच लावायचं नाही, इतक्या बारीक गोष्टीचाही आग्रह धरायला हवा.